केसपेपर : विचार कुठल्या गाडीने गेला?

या महिन्याच्या टपालात म्हाडा, रांग, इंग्रजी, गणित आणि केमो अशी पाच तऱ्हांची पत्रं आहेत, पण सगळ्यांच्या पोटात प्रश्न एकच : मी जसा विचार करते तसंच माझं आयुष्य होतं का? नव्या वाचकांसाठी आधीच सांगते, मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. छत्तीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्तीनंतर समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला आणि आता आठवड्यातून तीन दिवस लालबागला एका ट्रस्टच्या खोलीत बसते. गोळ्या देत नाही. सल्ले देते, तेही जपून.

सिस्टर, भांडुपला भाड्याच्या एका खोलीत आम्ही चौघं राहतो. मी अंधेरीला एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. गेल्या वर्षी एका ऑनलाइन कोर्सला साडेचार हजार भरले. त्यात शिकवलं की जे हवंय ते मिळालंच आहे असं वहीत लिहायचं, सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा. 'मला म्हाडाचं घर लागलं आहे, मी खूप आनंदात आहे' असं मी चार महिने लिहिलं. एक दिवस चुकवला नाही, लोकलमध्ये उभ्याने लिहिलं. मुलांना त्यांच्या खोलीचा रंगसुद्धा विचारून ठेवला. सोडतीत नाव आलं नाही. कोर्सच्या मॅडम म्हणाल्या, तुझ्या मनात कुठेतरी शंका होती म्हणून लहरी अडल्या. नवरा हसतो. मी रात्री जागून आठवत बसते, शंका नेमकी कधी आली होती. माझंच चुकलं का? — एक वाचक, भांडुप

तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून तूच म्हणते. नाही गं, तुझं काही चुकलं नाही. आज रात्री ती शंका शोधायची बंद कर आणि झोप.

म्हाडाची सोडत संगणकावर निघते. २०२४ साली मुंबई मंडळाची २०३० घरं होती आणि अर्ज आले एक लाख तेरा हजारांच्या वर. म्हणजे एका घरामागे पंचावन्नच्या पुढे माणसं. त्यातल्या कितीतरी जणांनी वह्या लिहिल्या असतील, कुणी मंगळवार धरले असतील, कुणी नवस बोलले असतील, आणि ज्याने काहीच केलं नाही त्याचंही नाव त्यात लागलं असेल. संगणकाला तुझा अर्ज कळतो. तुझी वही त्याला कुणी दाखवलेलीच नाही.

माझ्याकडे येणाऱ्याला मी एक प्रश्न नेहमी विचारते, तोच तुला विचारते. तुझा विचार तिथपर्यंत कुठल्या गाडीने गेला? भांडुपहून अंधेरीला जायचं तर तू घाटकोपरला उतरतेस, जिना चढतेस, मेट्रो पकडतेस. डोक्यातल्या विचारालाही बाहेर कुठे पोचायचं तर कशात तरी बसावंच लागतं. तुझ्या हातात, पायात, जिभेवर, नाहीतर तुझ्याच शरीराच्या रक्तात नि नसांत. 'लहरी' म्हणू नकोस. त्या गाडीचं टाइमटेबल मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

आणि मॅडमचं उत्तर किती सोयीचं आहे बघ. घर लागलं तर वहीमुळे, नाही लागलं तर तुझ्यामुळे. गुण आला तर औषधाचा, नाही आला तर रोग्याचा दोष, असं औषध कुणी वॉर्डात आणलं असतं तर आमच्या मेट्रनबाईंनी त्याला बाटलीसकट जिन्यावरून खाली पाठवलं असतं.

हे मी चिडून लिहितेय हे मला कळतंय. त्याला कारण आहे. माझे वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. अडीच लाखांच्या घरात माणसं संपावर होती आणि त्यांच्या घरातली माणसं धरली तर किती होतील कुणास ठाऊक. या सगळ्यांच्या मनात रात्रंदिवस एकच होतं, आपला संप जिंकणार आणि भोंगा वाजणार. शंका? आमच्या चाळीत शंका बोलून दाखवायची सोय नव्हती. वडील आईला सांगायचे, डबा घासून नीट पुसून ठेव, उद्यापरवा लागेल. तो डबा फडताळात तसाच पालथा राहिला. एवढ्या माणसांच्या एवढ्या पक्क्या विचारांनी जर गिरणीचं फाटक उघडलं नाही, तर तुझ्या एकटीच्या शंकेने म्हाडाचं घर अडलं हे मी कसं मानू?

पण गोष्ट इथे थांबत नाही. वडिलांच्या विश्वासाने गिरणी हलली नाही, वडील मात्र हलले नाहीत. 'उद्यापरवा' म्हणत त्यांनी सव्वा वर्ष दुसरं काम बघितलं नाही. शेजारच्या खोलीतले काका तिसऱ्या महिन्यात दादरच्या बाजारात भाजी घेऊन बसले. त्यांचाही संपावर विश्वास तेवढाच होता, वर्गणीही तेवढीच दिली. फक्त त्यांच्या डोक्यात वाक्य वेगळं होतं, 'संप संपेपर्यंत खायला काहीतरी लागेल.' मी नर्सिंगला गेले ती काही सेवाभावाने नाही, तिथे शिकता शिकता विद्यावेतन मिळायचं म्हणून. वडिलांना मी कधी दोष दिला नाही. पण विचार कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही, हे मी पुस्तकाआधी त्या फडताळात बघितलं.

गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाई आहेत. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांना त्यांनी विचारलं, मनासारखी नोकरी लागल्याची गोड चित्रं तुम्ही किती रंगवता? दोन वर्षांनी बघितलं तर जास्त रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकऱ्या कमी चालून आल्या होत्या आणि पगारही कमी होता. मला हे पटतं. मनातल्या मनात एकदा घरभरणी करून झाली की पाय सैल पडतात. पण त्यांनीच हेही दाखवलं की यश मिळेल अशी रास्त अपेक्षा असलेली माणसं जास्त धडपडतात. म्हणजे आशा वाईट नाही. मिळाल्याचं नाटक वाईट.

तेव्हा वही टाकू नकोस, साडेचार हजारांची आहे. तिच्या मागच्या पानावर लिही : अधिवास प्रमाणपत्र कुठे आहे, दोघांचं उत्पन्न मिळून आपण कुठल्या गटात बसतो, आयकराची विवरणपत्रं भरलीत का, अनामत रकमेची सोय काय. मागच्या सोडतीत कुठल्या योजनेच्या संकेत क्रमांकाला अर्जांची झुंबड होती आणि कुठे घरं जास्त नि माणसं कमी होती, ते काढ. अकाउंट्सवाली आहेस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं जमेल. एवढं करूनही नाव लागेल असं मी म्हणत नाही, चिठ्ठी ती चिठ्ठीच. पण लोकलमध्ये उभ्याने लिहायचंच तर हे लिही. आणि मुलांना रंग विचारलास ते छान केलंस. भाड्याच्या खोलीच्या एका भिंतीलाही मालकाला विचारून रंग देता येतो.

सिस्टर, मी ज्या रांगेत उभा राहतो तीच रांग नेमकी हळू सरकते. बँक असो, रेशन असो, तिकीट खिडकी असो. बायको म्हणते तुमचे विचारच तसे, म्हणून तसं होतं. — एक निवृत्त वाचक, दादर

तीन रांगा असतील तर तुमची सगळ्यात वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनातल्या दोन वेळा दुसरी कुठली तरी पुढे जाणारच, तुमचे विचार कसेही असोत. ज्या दिवशी तुमची रांग भराभर सरकते त्या दिवशी तुम्ही काम उरकून घरी जाता आणि विसरता. अडकता त्या दिवशी अर्धा तास उभं राहून शेजारच्या रांगेतल्या लाल शर्टवाल्यावर नजर ठेवता, आणि तो दिवस लक्षात राहतो. महिनाभर खिशातल्या डायरीत दोन्ही प्रकारचे दिवस लिहा. वहिनींना निकाल दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

सिस्टर, मी चोवीस वर्षांचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कॉलेज चिपळूणला. आता करी रोडला मामाकडे राहतो आणि बीकेसीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसात आहे. सोमवारच्या मीटिंगला सगळे इंग्रजीत बोलतात. एकदा मी बोलताना अडखळलो आणि दोघं हसले. तेव्हापासून मी गप्पच असतो. एका रीलमध्ये सांगितलं म्हणून रोज आरशासमोर 'मी आत्मविश्वासाने भरलेला आहे, मी जिंकणारच' असं म्हणतो. पण म्हटल्यावर आणखीच पडल्यासारखं वाटतं. माझ्यात इच्छाशक्ती कमी आहे का? — करी रोड

आधी आरसा बंद. तुला जे वाटतं ते मोजून झालेलं आहे. कॅनडात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्या माणसांना 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' असं वाक्य मनाशी घोळवायला लावलं, तर त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे. तू आरशात म्हणतोस 'जिंकणारच' आणि आतून कुणीतरी लगेच म्हणतं, 'कशाला खोटं बोलतोस राव, सोमवारी काय झालं?' दर सकाळी तू स्वतःशी भांडतोस आणि दर सकाळी हरतोस. इच्छाशक्तीचा इथे संबंधच नाही.

आता त्या सोमवारकडे नीट बघू. दोघं हसले, हे घडलं. 'सगळे मला गावठी समजतात आणि आता माझं इथे काही खरं नाही', हे तू घरी येताना गाडीत जोडलंस. घडलेलं आणि जोडलेलं यांत फरक करायला शिकवणारी एक पद्धत आहे. आल्बर्ट एलिस यांनी ती अमेरिकेत १९५५ च्या सुमाराला मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात तिला. एलिसची स्वतःची एक गोष्ट मला फार आवडते. एकोणीस वर्षांचा असताना त्याला मुलींशी बोलायची इतकी भीती वाटायची की त्याने स्वतःवरच प्रयोग केला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. महिनाभरात शंभर जणी त्याच्याशी बोलल्या. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही. हिशेबाने पूर्ण नापास. पण कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, आणि भीती गेली. (हा प्रयोग जसाच्या तसा इथल्या बागेत करू नकोस, गोष्ट जुन्या काळातली आहे.)

तुझ्या बाबतीत विचार कुठल्या गाडीने जातो ते मला स्पष्ट दिसतं. 'माझं हसं होईल' असं वाटतं, म्हणून तू म्यूट राहतोस. म्यूट राहतोस म्हणून साहेबांना वाटतं याला सांगण्यासारखं काही नाही. मग महत्त्वाचं काम दुसऱ्याकडे जातं, आणि तुला वाटतं, बघ, म्हणालो होतो ना. ही लहर नव्हे, ही स्लो लोकल आहे. प्रत्येक स्टेशनावर थांबते, म्हणजे कुठल्याही स्टेशनावर उतरता येतं. सगळ्यात सोपं स्टेशन 'म्यूट' हे आहे. रविवारी रात्री एकच वाक्य कागदावर लिही, तुझ्याच कामातलं, आकड्यासकट. सोमवारी मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत ते वाच. बघूनच वाच, पाठ करू नकोस. अडखळलास तर मराठीत किंवा हिंदीत पूर्ण कर आणि पुढे चल. असे आठ सोमवार. कोण किती वेळा हसलं ते दर वेळी लिहून ठेव, अंदाजाने नाही, मोजून.

एक मात्र मी तुझ्यापासून लपवणार नाही. इंग्रजीवरून माणसाची किंमत करायची या शहराची खोड तुझ्या डोक्यातली नाही, ती खरी आहे. आमच्या वॉर्डातही डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणाऱ्या नातेवाइकाला खुर्ची मिळायची आणि धोतरातल्या म्हाताऱ्याला 'बाहेर थांबा'. म्हणून 'फक्त विचार बदल' असं मी तुला सांगणार नाही. संध्याकाळचा एखादा इंग्रजीचा वर्गही लाव.

ताई, माझा मुलगा विक्रोळीला शाळेत नववीत आहे. सहावीत असताना त्याच्या बाईंनी माझ्यासमोर, त्याच्यासमोर सांगितलं, 'गणित याच्या डोक्यात शिरणार नाही.' तेव्हापासून तो वहीच उघडत नाही. आता मलाही तसंच वाटू लागलंय. — कन्नमवार नगर

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. बाईंचं वाक्य तीन वर्षांपूर्वीचं आहे, तुमचं रोजचं.

अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं, चाचणीवरून दिसतंय की ही मुलं यंदा उमलणार. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. वर्षअखेर त्या मुलांनी बुद्धिमापन चाचणीत जास्त प्रगती दाखवली, मुख्यतः पहिली-दुसरीतल्या मुलांनी. या प्रयोगावर नंतर पुष्कळ वाद झाले, परिणाम वाटला त्यापेक्षा लहान असतो असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि तुमचा मुलगा नववीत आहे. तरी तो परिणाम कशातून होतो ते बघण्यासारखं आहे. ज्याच्याकडून आशा असते त्याला शिक्षक जास्त शिकवतात, प्रश्न विचारल्यावर उत्तराची जास्त वाट बघतात, चुकलं तर कुठे चुकलं ते सांगतात. ज्याच्याकडून आशा नसते त्याला 'बस खाली'.

मी त्या बाईंना नावं ठेवणार नाही, कारण मी तेच केलंय. एक शिकाऊ नर्स आमच्या वॉर्डात आली होती. पहिल्याच दिवशी तिच्या हातून सलाईनची शीर दोनदा फुटली. मी म्हणाले, हिच्या हाताला वळण नाही. मग शीर घ्यायची वेळ आली की मी दुसरीला हाक मारायचे. मला वाटायचं, पेशंटची काळजी घेतेय. सहा महिने तिने चार्ट भरले आणि तापमान घेतलं. नंतर तिची बदली लहान मुलांच्या वॉर्डात झाली. तिथल्या सिस्टरांना माझं मत माहीत नव्हतं. वर्षभरात अवघड शीर असली की लोक तिला शोधत यायचे, आमच्या वॉर्डातूनसुद्धा. मी तिला शिकवलं नव्हतं. शिकवायची संधीच मी कुणाला दिली नव्हती.

सहावीचं गणिताचं पुस्तक कुठून तरी मिळवा. गाडी तिथे चुकलीय, तर तिथूनच पकडायची. अपूर्णांक, ऋण संख्या, साधी समीकरणं. रोज पाच गणितं, जास्त नाही. तो अडला की मनात दहा आकडे मोजा आणि मगच बोला. आणि 'तुला नक्की येईल' असंही म्हणू नका. त्या वयाची मुलं खोटं लगेच ओळखतात. 'कुठे अडलं ते दाखव' एवढंच पुरे. तरीही आकडेच उलटसुलट दिसतात, साध्या बेरजाही होत नाहीत असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत ती होते आणि त्या प्रमाणपत्रावर दहावीला सवलतीही मिळतात.

सिस्टर, माझी पत्नी चौसष्ट वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरवर परळला उपचार चालू आहेत, केमोचे तीन डोस झाले. सगळे सांगतात, पॉझिटिव्ह राहायचं, अर्धी लढाई मनाची असते. तिची बहीण रोज सकाळी तसे मेसेज पाठवते. पण ती मध्येच रडते, 'मी यातून उठत नाही' म्हणते. मी तिला रागावतो, कारण मला भीती वाटते की असा विचार केल्याने आजार वाढेल. आता ती बाथरूममध्ये नळ सोडून रडते, मला बाहेर ऐकू येतं. तिच्या विचारांनी गाठ वाढेल का? — एक वाचक, लालबाग

दादा, नाही.

हे मी तुम्हाला धीर देण्यासाठी म्हणत नाही. जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याच्या नि मानेच्या कॅन्सरचे १०९३ रुग्ण तपासले होते, २००७ साली ते प्रसिद्ध झालं. कोण मनाने खंबीर आणि आनंदी होतं, कोण खचलेलं होतं, याचा ती माणसं किती जगली याच्याशी काही संबंध सापडला नाही. माझ्या वॉर्डातही हसतमुख माणसं गेली आणि रडकी, कुरकुरी, आम्हाला शिव्या देणारी माणसं बरी होऊन पेढे घेऊन आली. गाठीपर्यंत ही गाडी जात नाही. औषध जातं. म्हणून केमोची तारीख चुकवायची नाही, ताप आला तर उद्यावर ढकलायचं नाही, एवढं तुम्ही सांभाळा.

पण विचार शरीरात कुठेच जात नाही, असंही मी म्हणणार नाही. सलाईन घ्या. पाचशे मिलिलिटर नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. तरी 'सिस्टर, एक बाटली लावा, ताकद येईल' म्हणणारी आणि लावल्यावर दहाव्या मिनिटाला खरोखर तरतरी आलेली माणसं मी हजारोंनी बघितली. इटलीत फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांच्या प्रयोगांतून असं दिसलं की वेदनेचं औषध पेशंटला न कळता यंत्रातून सोडलं तर जास्त लागतं, आणि तेच डॉक्टरांनी समोर उभं राहून 'हे दुखणं थांबवणारं औषध आहे' म्हणत दिलं तर कमी पुरतं. आम्हा नर्सेसना हे अडाणीपणाने ठाऊक होतं. रात्रीच्या पाळीला इंजेक्शन देताना गप्प राहून दिलं तर तासाभरात पुन्हा बेल वाजायची.

उलट दिशेनेही जातं. तिसऱ्या-चौथ्या केमोपासून काही रुग्णांना औषध शिरेत जायच्या आधीच उलटी होते. स्पिरिटचा वास आला, लिफ्टचं दार उघडलं, अगदी टॅक्सी त्या रस्त्याला वळली तरी. लोकांना वाटतं ढोंग आहे. ढोंग नसतं. मागच्या वेळचं शरीराने लक्षात ठेवलेलं असतं. म्हणजे ओकारीपर्यंत, दुखण्यापर्यंत, झोपेपर्यंत, भुकेपर्यंत मनाची गाडी जाते. वहिनींना असं काही होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यावर आधीच द्यायची औषधं असतात. दर वेळी एकाच रस्त्याने, एकाच वेळी नेऊ नका. जाताना तिच्या आवडीचं काहीतरी कानात लावून द्या. टॅक्सीत आजाराबद्दल बोलू नका, गावच्या आंब्यांबद्दल बोला, भांडायचं असेल तर भावकीबद्दल भांडा.

मेव्हणीबाईंना सांगा, सकाळच्या मेसेजऐवजी गुरुवारी दुपारी येऊन दोन तास बसत जा, म्हणजे तुम्हाला बाहेर पडून पाय मोकळे करता येतील. त्यांना राग येईल. येऊ दे.

'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा स्वतःलाच ते रडणं बघवत नसतं. तुमचंही तसंच असावं, असं मला वाटतं. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली असतील, तुमची भीती तिला कळत नाही असं थोडंच आहे. दिवसभर ती तुमची भीती सांभाळते, मग तिच्या भीतीला बाथरूमखेरीज जागा उरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त सतत रडणं, जेवण टाकणं, 'जगायचंच नाही' असं बोलणं असेल तर तिथल्याच डॉक्टरांना सांगा, त्यासाठी वेगळी मदत मिळते. नुसतं मध्येच भरून येत असेल तर येऊ द्या.

आज संध्याकाळी दारावर टकटक करा आणि म्हणा, नळ बंद कर, पाणी पुरायचं नाही, बाहेर येऊन रड. ती बाहेर आली की शेजारी बसा. काही सुचत नसेल तर बोलू नका. तुम्हालाही रडू येईल. टॉवेल जवळ ठेवा.